एंजल की तुगेला? जगातला सगळ्यात उंच धबधबा नक्की कुठला

स्पर्धा परीक्षांच्या ग्रुपवर हे भांडण ठरलेलं असतं. जगातला सर्वात उंच धबधबा कुठला, तर पुस्तकात लिहिलंय एंजल, व्हेनेझुएला, ९७९ मीटर. तेवढ्यात कुणीतरी रील टाकतं की छे, आता तो मान दक्षिण आफ्रिकेतल्या तुगेलाकडे गेलाय, नवीन मोजणीत तो ९८३ मीटर भरलाय. मग तिसरा म्हणतो माझ्या गाईडमध्ये तुगेला ९४८ दिलाय, चौथा म्हणतो एंजल तर ८०७ च आहे, आणि स्क्रीनशॉट सगळ्यांकडे असतात. गंमत अशी की यातला एकही आकडा कुणी पदरचा घातलेला नाहीये. धबधबे दोन, आकडे चार, आणि चारही आकड्यांना काही ना काही आधार आहे.

हे असं का होतं ते नीट समजून घेतलं तर धबधब्यांबद्दल बरंच काही कळतं, आणि त्यात आपला सह्याद्रीही येतो, त्यामुळे जरा सविस्तर लिहितोय.

आधी दोघांची ओळख

एंजल आहे व्हेनेझुएलाच्या आग्नेय कोपऱ्यात, कनाइमा नॅशनल पार्कमध्ये. हा पार्क १९६२ साली झाला, १९९४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला आणि त्याचं क्षेत्रफळ आहे साधारण ३०,००० चौरस किलोमीटर. म्हणजे पालघरपासून सिंधुदुर्गपर्यंतचा आपला अख्खा कोकण विभाग धरा, मुंबईसकट, जवळपास तेवढा एकटा हा पार्क. त्यात जंगलातून एकदम वर आलेले सपाट माथ्याचे प्रचंड डोंगर आहेत, बाजू उभ्या कापल्यासारख्या, त्यांना तिथे टेपुई म्हणतात. त्यातल्या औयान नावाच्या टेपुईवरून केरेप नावाचा ओढा खाली पडतो, तोच हा धबधबा.

तुगेला आहे दक्षिण आफ्रिकेच्या क्वाझुलु-नाताल प्रांतात, ड्रॅकन्सबर्ग पर्वतात, रॉयल नाताल नॅशनल पार्कमध्ये. हा पार्क १९१६ चा, आणि 'रॉयल' हे बिरुद मागाहून लागलं, १९४७ मध्ये ब्रिटिश राजघराणं तिथे जाऊन आल्यानंतर. आकारानं मात्र हा अगदीच छोटा, जेमतेम ८० चौरस किलोमीटर, आपल्या बोरिवलीच्या नॅशनल पार्कपेक्षाही लहान. पण त्या छोट्या पार्कात काय आहे तर अ‍ॅम्फिथिएटर नावाचा सुमारे ५ किलोमीटर लांबीचा, आत वळलेला उभा कडा. ज्यांनी हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा बघितलाय त्यांना याचा फोटो बघून लगेच ओळखीचं वाटेल (आणि ती ओळख उगाच नाहीये, कारण पुढे सांगतो). या कड्यावरून तुगेला नदी, झुलू लोकांची उथुकेला, पाच उड्या घेत खाली येते.

एंजल हे नाव कुणाचं

हा भाग सरळ वगळता आला असता पण गोष्ट इतकी भारी आहे की सोडवत नाही.

जिमी एंजल नावाचा एक अमेरिकन वैमानिक होता, सोन्याच्या शोधात त्या भागात विमान घेऊन हिंडायचा. १९३३ मध्ये त्याला हवेतून हा धबधबा दिसला. पुढे ९ ऑक्टोबर १९३७ ला त्यानं काय केलं, तर सरळ औयान टेपुईच्या माथ्यावरच विमान उतरवलं, सोबत बायको आणि आणखी दोघं. वरून सपाट दिसणारी जमीन प्रत्यक्षात दलदल निघाली आणि विमानाची चाकं रुतून बसली. मग चौघंही त्या डोंगरावरून वाट काढत, जंगल तुडवत, ११ दिवसांनी माणसांत पोचले. विमान वरच राहिलं, थेट १९७० पर्यंत, तेव्हा ते हेलिकॉप्टरनं सुटं करून खाली आणलं, दुरुस्त केलं आणि आता ते सिउदाद बोलिव्हारच्या विमानतळासमोर उभं आहे. जिमी १९५६ मध्ये गेला, आणि १९६० मध्ये त्याच्या अस्थी याच धबधब्यावर सोडण्यात आल्या.

अर्थात तिथले मूळ रहिवासी पेमोन लोक, त्यांना हा धबधबा आधीपासून माहीत होताच, त्यांच्यात त्याचं नाव केरेपाकुपाई मेरू. २००९ मध्ये राष्ट्राध्यक्ष चावेझ यांनी जाहीर केलं की यापुढे हेच नाव वापरायचं. मूळ नाव परत आणायची ही मागणी मला पटते, पण बाहेरच्या जगात अजून एंजलच चालतं, म्हणून इथेही तेच लिहितोय.

मूळ घोळ: चाळीची गॅलरी आणि चाळीचा जिना

आता मुद्द्यावर येऊ. समजा तुम्ही चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहता आणि बटाट्यांची पिशवी फाटली. एक बटाटा गॅलरीच्या कठड्यावरून गेला तो थेट खाली अंगणात आपटला, मध्ये कुठेही टेकला नाही. दुसरा गेला जिन्यावरून, प्रत्येक पायरीवर आदळत, प्रत्येक मजल्याच्या वळणावर क्षणभर थांबत, शेवटी तोही अंगणातच आला. दोघंही तिसऱ्या मजल्यावरून खालीच आले, उंची तेवढीच. पण कुणी विचारलं की 'सगळ्यात मोठी उडी कुणाची' तर उत्तर गॅलरीवाला. आणि आता तिसरा मुद्दा, जो सगळ्यात जास्त गोंधळ घालतो, तो असा की गॅलरीवाला बटाटा अंगणात पडल्यावर तिथेच थांबला नाही, अंगणाला उतार होता म्हणून तो घरंगळत खालच्या गटारापर्यंत गेला. मग ते घरंगळणं पडण्यात धरायचं की नाही?

धबधब्यांच्या बाबतीत यासाठी दोन वेगळी मापं आहेत. पाणी मध्ये कातळाला न टेकता जेवढं पडतं ती *सलग उडी*. आणि वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत सगळे टप्पे मिळून जेवढं होतं ती *एकूण उंची*. एवढे दोनच शब्द लक्षात ठेवा, पुढे हेच वापरतोय.

आता ते चार आकडे

एंजलची सलग उडी ८०७ मीटर. त्याची एकूण उंची ९७९. मधले १७२ मीटर कुठून आले? तर मोठ्या उडीच्या खाली कड्याचे कोसळलेले दगडधोंडे साचून जो उतार तयार झालाय त्यावरून पाणी खळाळत जातं ते, आणि त्याच्याही पुढे सुमारे ३० मीटरची अजून एक छोटी उडी आहे ती. म्हणजे बटाट्याचं घरंगळणं या आकड्यात धरलेलं आहे.

तुगेलाची सगळ्यात मोठी सलग उडी ४११ मीटर, एंजलच्या जवळपास निम्मी. पण पाच उड्या आणि त्यांच्या मधलं सगळं मिळून एकूण उंची ९४८ मीटर, हा वर्षानुवर्षं पुस्तकांत छापला जाणारा आकडा. २०१६ मध्ये एका चेक पथकानं तिथे जाऊन परत मोजणी केली आणि त्यांचा आकडा आला ९८३. रीलवाले जो आकडा नाचवतात तो हा.

म्हणजे हिशोब असा होतो. सलग उडी हा निकष धरला तर वादच नाही, एंजल पहिला, आणि तुगेला जवळपाससुद्धा नाही. एकूण उंची धरली आणि जुने आकडे घेतले तर एंजल ३१ मीटरनी पुढे. एकूण उंची धरून तुगेलाचा नवा आकडा घेतला तर तुगेला ४ मीटरनी पुढे. आणि एंजलच्या खालचा तो उतार काढून टाकला तर एंजल राहतो ८०७ वर आणि तुगेला अगदी जुन्या ९४८ च्या आकड्यानंही त्याला आरामात मागे टाकतो. यातला शेवटचा हिशोब तुगेलाच्या बाजूचे लोक फार आवडीनं मांडतात, पण मला तो जरा लबाडीचा वाटतो, कारण तुगेलाच्या पाच उड्यांच्या मधे जिथे पाणी कातळावरून नुसतं वाहत जातं ते तुम्ही मोजता आणि एंजलचं तेवढं वगळता, हे कसं चालेल. उतार धरायचा तर दोघांचा धरा, नाहीतर दोघांचा सोडा.

पण ३५ मीटरचा फरक मोजणीत पडतोच कसा?

हा प्रश्न स्वाभाविक आहे. अकरा-बारा मजली इमारतीएवढा फरक, म्हणजे कुणीतरी चुकलंच असणार असं वाटतं.

उंची मोजायची जुनी पद्धत थिओडोलाइटची, म्हणजे तिपाईवर लावायची ती कोन मोजणारी दुर्बीण. रस्त्यावर सर्वेवाले घेऊन उभे असतात तिचीच थोरली बहीण. जमिनीवर ठरावीक अंतर मोजायचं, तिथून कड्याचं टोक किती अंशावर दिसतं ते बघायचं आणि त्रिकोणमितीनं उंची काढायची. दुसरी पद्धत हवेच्या दाबाची, वर दाब कमी खाली जास्त, त्या फरकावरून उंची. पण दाब हवामानाप्रमाणे दिवसभर बदलत असतो त्यामुळे सकाळी वर मोजलं आणि दुपारी खाली मोजलं तर गडबड होते. मग आलं जीपीएस, आता लेझर आणि ड्रोन. जीपीएसचीही एक गोची आहे, हजार मीटरच्या उभ्या भिंतीच्या पायथ्याशी उभे राहिलात तर अर्धं आकाश भिंतीनंच झाकलेलं असतं, सॅटेलाइट कमी दिसतात, आणि जे सिग्नल येतात त्यातले काही कड्यावर आपटून येतात.

एंजलचा ९७९ हा आकडा १९४९ चा आहे, अमेरिकन पत्रकार रूथ रॉबर्टसन यांच्या मोहिमेतला. नदीतून होड्या ओढत, जंगलातून वाट पाडत ती माणसं पायथ्याशी गेली आणि मोजून आली. तेव्हाच्या साधनांचा विचार केला तर कौतुकच आहे, पण एक लक्षात घ्या, पंचाहत्तर वर्षं होऊन गेली तरी पुस्तकांत आकडा तोच आहे, आणि आपण त्याची तुलना करतोय २०१६ च्या मोजणीशी. म्हणजे एकाचं वजन जुन्या तराजूवर आणि दुसऱ्याचं नव्या काट्यावर.

माझ्या मते मात्र साधनांपेक्षा मोठी गडबड खालच्या टोकाची आहे. धबधबा सुरू कुठे होतो हे त्यातल्या त्यात सोपं (तिथेही एंजलचं पाणी अगदी माथ्याच्या कडेवरून न पडता बरंचसं थोडं खालच्या कपारींतून बाहेर येतं, म्हणजे डोंगराची उंची आणि धबधब्याची उंची एक नाही). पण तो संपतो कुठे? खाली धुकं, तुषार, झाडी, दगड. उभी धार हळूहळू उताराची होते, उताराची खळाळती होते, खळाळती मग ओढा होतो, आणि यात कुठेही पाटी लावलेली नाही की धबधबा समाप्त. आता त्या खालच्या उताराचा कोन समजा २५-३० अंश आहे, तर तुम्ही मोजपट्टीचं टोक धरून दहा-बारा पावलं आणखी खाली चालत गेलात की उंचीत ४ मीटरची भर पडली. दहा-बारा पावलं. ज्या ४ मीटरवरून सध्या जगातला पहिला नंबर ठरतोय तेवढंच अंतर.

एक सरळ पडतो आणि एक टप्प्याटप्प्यानं, हे कशामुळे

इथे कातळाचा विषय येतो आणि इथेच आपला सह्याद्री येतो.

टेपुई बनलेत वाळूच्या खडकाच्या थरांनी, पण ही वाळू साधारण १७० कोटी वर्षांपूर्वीची, दाबानं आणि काळानं इतकी आवळली गेलीय की बराचसा खडक काचेसारखा कडक झालाय. त्यात उभ्या भेगा आहेत. पाणी भेगांत शिरतं, भेग रुंदावते, आणि मग भिंतीचा अख्खा उभा तुकडा सुटून खाली कोसळतो. त्यामुळे भिंत झिजली तरी उभीच राहते, पायऱ्या पडत नाहीत. म्हणून पाण्याला ८०० मीटर मोकळी वाट मिळते. आणि ते कोसळलेले तुकडे पायथ्याशी साचतात, त्याचाच तो उतार, ज्यावरून भांडण चाललंय.

ड्रॅकन्सबर्गचा वरचा भाग मात्र बेसॉल्टचा, म्हणजे आपल्या सह्याद्रीचा जो काळा कातळ आहे तोच प्रकार. जमिनीच्या भेगांतून लाव्हा पसरला, थंड झाला, त्यावर पुन्हा पसरला, असे थरावर थर. तिकडे हे झालं सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वी, आपल्याकडे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी. प्रत्येक थर सारखा कडक नसतो. एखादा थर घट्ट, त्याच्या खालचा किंवा वरचा भाग बुडबुड्यांनी पोकळ झालेला, ठिसूळ. पाणी ठिसूळ भाग आधी खातं, घट्ट भाग पायरीसारखा पुढे राहतो. घाटात गाडीतून जाताना डोंगराला आडव्या पायऱ्या-पायऱ्या दिसतात ना, त्या याच. म्हणून बेसॉल्टमधले धबधबे बऱ्याचदा टप्प्याटप्प्यानं पडतात. माळशेजचा काळू बघा, किंवा सज्जनगडाच्या पुढचं ठोसेघर बघा. कोकणकडा आणि अ‍ॅम्फिथिएटर एकमेकांचे भाऊ वाटतात त्याचंही कारण हेच, दोन्हीकडे लाव्ह्याचे थर आणि दोन्हीकडे पठाराची कड मागे मागे झिजत चाललीय.

अजून एक साम्य आहे. तुगेला जिथे उगम पावते त्या पठारावर मों-तो-सूर्स नावाचं ३,२८२ मीटरचं शिखर आहे. त्याच्या आसपास पडलेल्या पावसाचं काही पाणी तुगेलातून हिंदी महासागरात जातं आणि काही ऑरेंज नदीतून थेट अटलांटिकला. आपल्या महाबळेश्वरला नाही का, सावित्री अरबी समुद्राकडे आणि कृष्णा-कोयना बंगालच्या उपसागराकडे, तसंच.

'तुगेलात पाणीच नसतं, त्याला कसला धबधबा म्हणायचं?'

हा आक्षेप हमखास येतो आणि त्यात तथ्य आहे. तुगेला नदी कड्यावरून उडी मारते ती उगमापासून फार तर काही किलोमीटरवर, म्हणजे तिथे ती नदी कसली, ओढाच असतो. पाऊस पडून गेला की झकास धार, कोरड्या दिवसांत नुसती रेघ. दक्षिण गोलार्धात असल्यामुळे त्यांचा हिवाळा आपल्या जून-जुलै-ऑगस्टमध्ये, त्या दिवसांत तिथे पाऊस नाही आणि इतक्या उंचीवर थंडी अशी की वरच्या टप्प्यांचं पाणी गोठून बर्फाचे खांब होतात.

पण हाच न्याय एंजलला लावला तर तोही फार सुटत नाही. डिसेंबर ते एप्रिल तिकडे कोरडा काळ असतो, तेव्हा एंजलचं पाणी इतकं कमी होतं की खाली पोचेपर्यंत त्याचं धुकं होऊन जातं. आणि त्यामागचं विज्ञान मजेदार आहे. हवा नसती तर ८०७ मीटर पडायला पाण्याला साधारण १३ सेकंद लागले असते आणि खाली पोचताना वेग झाला असता ताशी ४५० किलोमीटरच्या आसपास. प्रत्यक्षात हवा धारेला फाडते, धारेचे थेंब होतात, आणि सुट्या थेंबाला हवा एका मर्यादेपलीकडे वेग घेऊच देत नाही, पावसाचा मोठ्यात मोठा थेंबही ताशी ३०-३५ किलोमीटरनंच पडतो. इतक्या हळू पडणारं पाणी मग वाऱ्याच्या ताब्यात जातं. नाणेघाटात पावसाळ्यात पाणी उलटं वर उडताना बघितलंय का, तिथे नेमकं हेच होतं, खाली पडणाऱ्या थेंबांपेक्षा घाटातून वर येणारा वारा जोरदार.

त्यामुळे जास्त उंच धबधबा म्हणजे जास्त रौद्र धबधबा असं काही नसतं, उलट बऱ्याचदा उंचीच पाण्याचा जोर मारते. नायगाराचा कॅनडाकडचा घोड्याच्या नालेसारखा भाग फक्त ५७ मीटर उंच आहे, एंजलच्या सलग उडीच्या चौदाव्या हिश्शाएवढा, पण सेकंदाला जेवढं पाणी तिथून पडतं त्यापुढे एंजल-तुगेला दोघं म्हणजे नळाच्या धारा.

'एवढ्या उंचीवरून पाणी पडतंय तर वीज किती झाली असती!'

नाही झाली असती. वीज मिळते ती उंची गुणिले पाणी या हिशोबानं, आणि इथे पाणीच कमी. शिवाय दोन्ही नॅशनल पार्क. पण एक भारी योगायोग सांगतो, दोघांचंही पाणी पुढे जाऊन कामाला लागतंच. एंजलचं पाणी चुरून नदीत, तिथून कर्राओत, तिथून कारोनी नदीत, आणि कारोनीवर गुरी धरण आहे ज्याच्यावर व्हेनेझुएलाच्या विजेचा मोठा भार आहे. आणि तुगेला कड्यावरून खाली उतरते, तर पुढे तिचं काही पाणी पंपानं परत डोंगर चढवून पलीकडच्या स्टर्कफोंटेन धरणात टाकतात, जोहान्सबर्गकडच्या भागाला पाणी कमी पडू नये म्हणून. निसर्गानं फुकटात खाली आणलं आणि माणसानं वीज जाळून परत वर नेलं.

'मग कुणीतरी एकदाचं ठरवून का टाकत नाही?'

कारण ठरवणारं कुणी नाहीये. धबधब्यांसाठी सगळ्या देशांनी मान्य केलेली संस्था नाही, नियम नाही. गिनेस बुकात एंजल आहे. हौशी अभ्यासकांच्या याद्या आहेत, त्या आपापल्या व्याख्येनं चालतात. पेरूमधल्या गोक्ता धबधब्याचं काय झालं बघा, २००६ मध्ये पत्रकार परिषद घेऊन सांगितलं की हा ७७१ मीटरचा आहे आणि जगात तिसरा आहे. लगेच बाकीच्यांनी आपापल्या याद्या काढल्या, कुठे नॉर्वेचे धबधबे, कुठे हवाईचे, कुठे पेरूतलेच दुसरे, आणि गोक्ताचा नंबर जो घसरला तो घसरलाच. धबधबा एक इंचही कमी झाला नव्हता.

कुणीतरी हुशार असंही म्हणेल की हे सगळं सोडा, खरा सगळ्यात उंच धबधबा ग्रीनलंड आणि आइसलंडच्या मध्ये समुद्राखाली आहे. आहे खरा, थंड जड पाणी समुद्राच्या तळाशी ३,००० मीटरहून जास्त खोल उतरतं. पण ते पाण्यातून पाणी सरकणं झालं, बघायला गेलात तर वरून नुसता समुद्र दिसेल. मी तो या शर्यतीत धरत नाही.

परीक्षा देणाऱ्यांसाठी सरळ उत्तर: पर्यायांत एंजल असेल तर एंजलच लिहा, अधिकृत उत्तरतालिका पाठ्यपुस्तकावर चालते, रीलवर नाही. आणि माझं स्वतःचं मत विचाराल तर सलग उडीत एंजलला तोड नाही, आणि एकूण उंचीत जोपर्यंत एकच टीम एकाच पद्धतीनं, खालचं टोक एकाच नियमानं ठरवून दोन्हीकडे मोजत नाही तोपर्यंत ४ मीटरच्या जोरावर कुणालाही हार घालू नये.

हेच भांडण आपल्या घरातही आहे

आपल्या आईवडिलांच्या पिढीनं शाळेत शिकलं की भारतातला सर्वात उंच धबधबा गिरसप्पा, म्हणजे जोग, २५३ मीटर. नंतर याद्यांमध्ये कर्नाटकातलाच कुंचिकल आला, ४५५ मीटर. मधे कुणी मेघालयातला नोहकालिकाई सांगतं, ३४० मीटर. आणि साताऱ्याची मंडळी छाती काढून सांगतात की आमचा भांबवलीचा वजराई, ५६० मीटर, देशात पहिला. आता वरचं वाचलंत तर तुम्हीच विचाराल, सलग उडी की एकूण? तर जोग आणि नोहकालिकाईचे आकडे सलग उडीचे आहेत. कुंचिकल दगडांवरून टप्प्याटप्प्यानं उतरतो, वजराईचे तीन टप्पे आहेत, म्हणजे ते आकडे एकूण उंचीचे. दोन वेगळ्या रांगांतली माणसं एका रांगेत उभी केली की धक्काबुक्की होणारच. गोव्याच्या मोले नॅशनल पार्कातल्या दूधसागरचे ३१० मीटरसुद्धा चार टप्पे मिळूनचे आहेत, पोस्टरवर मात्र नुसता आकडा असतो.

वजराईबद्दल मला अभिमान आहेच, पण ५६० लिहिताना त्यासोबत कुठून कुठपर्यंत हेही कुणीतरी लिहावं. भांबवलीला पाटी लावायला कितीसा खर्च येतोय.

प्रत्यक्ष बघायचे असतील तर

एंजलला रस्ताच नाही. छोट्या विमानानं कनाइमा गावात जायचं, तिथून लाकडी होडीनं कर्राओ आणि चुरून नदीतून वर, आणि मग जंगलातून चढ चढून समोरच्या टेकाडावर. होडी चालायला नदीत पाणी लागतं म्हणून पावसाळा गाठावा लागतो, साधारण जून ते नोव्हेंबर, आणि त्याच दिवसांत ढगही असतात, म्हणजे इतकं करून धबधबा ढगात असू शकतो.

तुगेला तुलनेनं सोपा आणि सह्याद्रीत फिरणाऱ्यांना तर घरचाच वाटेल. खालून बघायचा तर पार्कमधून घळीतली पायवाट आहे. वर जायचं तर सेंटिनेल शिखराच्या बाजूनं चढाई, शेवटी कातळाला लावलेल्या साखळीच्या शिड्या, आणि मग तुम्ही थेट त्या ओढ्याच्या काठी, जिथून तो खाली उडी घेतो तिथे. धार भरलेली हवी तर त्यांचा उन्हाळा, म्हणजे साधारण नोव्हेंबर ते मार्च. फक्त पहाटे लवकर निघा, कारण त्या दिवसांत ड्रॅकन्सबर्गवर दुपारनंतर विजांसकट पाऊस येतो, आणि तेव्हा लोखंडी शिडीवर लटकलेलं असणं काही बरं नाही.